बेक्वे : कॅरिबियनमधील एका लहान बेटाची पहिली भेट आखताना

बेक्वे हे सेंट व्हिन्सेंट अँड द ग्रेनेडीन्स या देशातील जेमतेम १८ चौरस किलोमीटरचे बेट असून तेथील वस्ती ५,००० च्या आसपास आहे. मुख्य बेट सेंट व्हिन्सेंटच्या दक्षिणेला ते साधारण १५ किलोमीटरवर आहे, आणि मधला हा समुद्रच प्रवासाची सगळी आखणी ठरवतो. मुलीकडे न्यू जर्सीला मुक्कामी असताना फेब्रुवारीत आम्ही उभयता तेथे जाऊन आलो. परत आल्यावर व्हिसा, बोट, शाकाहारी जेवण आणि खर्च यांविषयी बऱ्याच जणांनी विचारणा केली, म्हणून हा वृत्तांत थोडा तपशिलाने लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो : अशा बेटाचा बेत शेवटच्या फेरीबोटीची वेळ पाहून, तेथून उलट मोजत आखावा, विमानाचे तिकीट त्यानंतर काढावे.

याचे कारण असे. सेंट व्हिन्सेंटचा आर्गाइल आंतरराष्ट्रीय विमानतळ २०१७ साली सुरू झाला, तेव्हापासून मोठी विमाने थेट तेथे उतरू लागली. त्यापूर्वी बहुतेकांना बार्बाडोसला विमान बदलून लहान विमानाने यावे लागत असे. परंतु विमानतळ पूर्व किनाऱ्यावर आणि फेरीचा धक्का राजधानी किंग्जटाउनमध्ये, त्यामुळे सामान, इमिग्रेशन आणि डोंगराळ रस्त्याची टॅक्सी यांत दीड-दोन तास सहज जातात. फेरी सकाळी लवकर सुरू होतात आणि संध्याकाळी बंद होतात. रविवारी व सुटीच्या दिवशी त्यांची संख्या बरीच घटते. ज्यांचे विमान दुपारी उशिरा उतरते त्यांनी बोट गाठण्याची आशा धरू नये आणि किंग्जटाउनमध्ये एका रात्रीची खोली आधीच घेऊन ठेवावी. आमच्यासोबत उतरलेले एक जोडपे, तिकिटे स्वस्त पडली म्हणून, रविवारी संध्याकाळच्या विमानाने आले होते. वाचलेले पैसे त्यांनी त्याच रात्री हॉटेलात आणि टॅक्सीत घातले. बार्बाडोसहून थेट बेक्वेला जाणारी लहान विमानेही असतात, पण त्यांत सामानाच्या वजनावर कडक मर्यादा असते आणि भाडे बोटीच्या कितीतरी पट पडते.

भारतीय पारपत्रधारकांना या देशात पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याच्या ठिकाणाचा पत्ता आणि खर्चाची तजवीज मात्र विचारली जाते, तेव्हा हे कागद छापून हातातल्या पिशवीत ठेवावेत आणि निघण्यापूर्वी नियम पुन्हा एकदा पाहून घ्यावेत. खरी अडचण असते ती वाटेतल्या देशांची. मुंबईहून निघणाऱ्याला लंडन किंवा अमेरिका यांपैकी कोठे तरी विमान बदलावे लागण्याची शक्यता मोठी, आणि अमेरिकेत तर केवळ विमान बदलण्यासाठीही व्हिसा लागतो. त्यामुळे कोणत्याही मार्गाचे तिकीट काढण्याआधी त्या-त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा आपल्याला लागतो का, हे तपासावे. आमच्यासारखे जे आईवडील मुलांकडे अमेरिकेत जातात त्यांना हा प्रवास न्यूयॉर्क किंवा मायामीहून सोपा पडतो. मात्र कॅरिबियनमध्ये थोडे दिवस जाऊन आल्याने अमेरिकेतील वास्तव्याची सहा महिन्यांची मुदत नव्याने सुरू होईल, असे कोणी गृहीत धरू नये. एच-वन-बीवरील तरुण मंडळींनी पारपत्रातील व्हिसाच्या शिक्क्याची तारीख पाहावी, कारण कॅनडा-मेक्सिकोच्या अल्प सहलीनंतर मुदत संपलेल्या शिक्क्यावरही परत येण्याची जी सवलत असते, ती त्यांना या बेटांच्या बाबतीत मिळत नाही. परतीच्या वाटेवर त्रिनिदादला थांबण्याचा मोह होणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना : भारताच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद आहे, म्हणून तेथून काही दिवसांत भारतात परतणार असल्यास लसीचे प्रमाणपत्र जवळ हवे.

किंग्जटाउनची सक्तीची रात्र वाया जातेच असे नाही. तेथील वनस्पती उद्यान १७६५ सालचे असून पश्चिम गोलार्धातील सर्वांत जुन्या उद्यानांत त्याची गणना होते. कप्तान विल्यम ब्लाय याने १७९३ साली ताहितीहून आणलेली ब्रेडफ्रूटची रोपे येथेच उतरवली. मळ्यांतील गुलामांना स्वस्तात पोसावे, हा त्यामागचा हिशेब होता. ते झाड पाहताच माझ्या रत्नागिरीच्या पत्नीने “हा तर आपला निरफणस” म्हणून त्याची पानेच चाचपून पाहिली, आणि ते खरेच होते. पुढे सगळ्या मुक्कामात ब्रेडफ्रूट रोज ताटात होता : निखाऱ्यावर सालासकट काळा करून भाजलेला, तळलेला, नाहीतर नारळाच्या दुधात शिजवलेला. तिखट-रवा लावून काप करण्याची पद्धत तेथे नाही, एवढाच फरक. गुलामी संपल्यावर मळ्यांसाठी भारतातून मजूर आणले गेले आणि त्यांचे पहिले जहाज मद्रासहून १८६१ च्या १ जूनला येथे लागले. तो दिवस आजही भारतीय आगमन दिन म्हणून पाळला जातो. गल्लोगल्ली मिळणाऱ्या रोटीचा आणि बाजारातल्या करी पावडरीचा उलगडा तेथे होतो.

फेरीला सुमारे एक तास लागतो. तिकीट धक्क्यावरच मिळते, आरक्षणाची गरज बहुधा पडत नाही. डिसेंबर ते फेब्रुवारीत व्यापारी वारे जोरात असतात आणि मधली खाडी चांगलीच उसळते, म्हणून ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी अर्धा तास आधी घ्यावी, पोट अगदी रिकामे ठेवू नये आणि बोटीच्या मागच्या बाजूला मोकळ्या हवेत बसावे. आमच्या बोटीत माणसांबरोबर कोंबड्यांचे खाद्य, गॅसच्या टाक्या, अंड्यांचे क्रेट आणि दोरीने बांधलेला एक फ्रीजही होता. बेटावर सगळे काही असेच बोटीने येते, आणि तेथील किराणा महाग का, हे त्यावरून आपोआप समजते.

बोट ॲडमिरल्टी बे या पश्चिमेकडच्या खोल आणि निवाऱ्याच्या खाडीत शिरते आणि पोर्ट एलिझाबेथ या मुख्य गावाच्या मधोमध लागते. राहण्यासाठी पहिल्या भेटीत हे गाव, त्याच्या दक्षिणेचा बेलमाँटचा भाग किंवा लोअर बे यांपैकीच एखादे ठिकाण निवडावे. टेकडीवरचे बंगले छायाचित्रांत सुरेख दिसतात, पण प्रत्येक खेपेला टॅक्सी आणि चढ सोसावा लागतो. गुडघे कुरकुरणाऱ्यांनी खोली घेताना पायऱ्या किती, हे लेखी विचारून घ्यावे.

या बेटावर नदी नाही, ओढा नाही. बहुतेक घरांचे पाणी म्हणजे छपरावर पडलेला पाऊस. आमच्या घराच्या पत्र्याला चारही बाजूंनी पन्हळी होत्या, त्या एका जाड नळात येत आणि तो नळ थेट ओट्याखालच्या सिमेंटच्या टाकीत उतरत असे. ओट्यावरच्या झाकणाला कडी होती आणि मालकीणबाई दर सकाळी ते उचलून बांबूच्या काठीने पाण्याची पातळी मोजून जात. फेब्रुवारी ते मे हा कोरडा काळ असल्याने पर्यटक सर्वांत जास्त आणि पाणी सर्वांत कमी, अशी स्थिती असते. शॉवरखाली उभे राहून गाणी म्हणण्याची ही जागा नव्हे. बादली मागितली तर मिळते, आणि आपल्या पिढीला ते अवघडही नाही. पिण्यासाठी आम्ही बाटलीबंद पाणी वापरले.

पाहण्यासारख्या जागांत सर्वांत मोलाची गोष्ट फुकट आहे. गावापासून किनाऱ्यालगत बेलमाँटची पायवाट निघते. ती काही ठिकाणी इतकी पाण्यालगत आहे की भरतीच्या वेळी लाटा पायांवरून जातात, म्हणून पायांत भिजले तरी चालेल असे काही घालावे. पायवाट संपली की लाकडी पायऱ्यांनी एक टेकाड ओलांडून प्रिन्सेस मार्गारेट बीचवर उतरता येते आणि त्यापलीकडे लोअर बेची लांबलचक पुळण आहे. दोन्ही ठिकाणी पाणी शांत आणि स्वच्छ असते. मला पोहणे बेताचेच येते, तरी भीती वाटली नाही. पूर्वेकडचा होप बे दिसायला देखणा असला तरी तेथे थेट अटलांटिकच्या लाटा आणि ओढ आहे, तेथे पोहू नये.

किनाऱ्यावरील झाडांबाबत मात्र पूर्ण सावध राहावे. मँचिनील नावाचे एक हिरवेगार, गर्द सावलीचे झाड वाळूच्या कडेलाच वाढते. त्याचे फळ लहान हिरव्या सफरचंदासारखे दिसते आणि ते विषारी असते. त्याचा चीक अंगाला लागला तर बिब्बा उतल्यासारखे फोड येतात, आणि पाऊस पडत असताना त्याच्या खाली उभे राहिले तरी पानांवरून ठिबकणारे पाणी तेच काम करते. काही झाडांवर खुणेचा लाल पट्टा असतो, सगळ्यांवर नसतो. पहिल्याच दिवशी एखाद्या स्थानिक माणसाकडून झाड ओळखून घ्यावे आणि बरोबर नातवंडे असतील तर त्यांना ते आवर्जून दाखवावे.

फिरण्यासाठी ठरावीक रस्त्यांवर मिनीबस धावतात. त्याशिवाय पिकअप गाडीच्या मागे समोरासमोर बाकडी आणि वर ताडपत्री, अशा टॅक्सी बंदराजवळच्या झाडाखाली उभ्या असतात. दोन-तीन तासांत त्या सगळे बेट दाखवतात. भाडे आधी ठरवावे आणि ते कोणत्या डॉलरमध्ये, हेही विचारावे. ईस्टर्न कॅरिबियन डॉलरचा दर १९७६ पासून एका अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. अमेरिकी नोटा सगळीकडे चालतात, पण दुकानदार थोडा कमी दर धरतात आणि सुटे स्थानिक चलनात देतात. रुपये तेथे कोणी बदलून देणार नाही. वीज २३० व्होल्टची आणि प्लग बहुधा ब्रिटिश धाटणीचे असतात.

चालीरीतींविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. दुकानात वा मिनीबसमध्ये पाऊल टाकताच ‘गुड मॉर्निंग’ किंवा ‘गुड आफ्टरनून’ म्हणावे लागते, आणि ते न म्हणता थेट भाव विचारणे उद्धटपणाचे मानतात. माझ्या पुणेरी सवयीला हे वळण लागायला थोडा वेळ गेला. दुसरे, लष्करी ठिपक्यांचे कपडे, टोपी किंवा पिशवी या देशात सामान्य माणसाने वापरणे कायद्याने गुन्हा आहे. हा नियम लहान मुलांनाही लागू असल्याने सामान भरतानाच ते बाजूला काढावे.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही, मात्र कंटाळा येऊ शकतो. भात व कडधान्य, केळ्याचे तळलेले काप, सुरण-अळकुड्यांच्या जातीचे उकडलेले कंद, बटाटा-चण्याची रोटी असे पदार्थ मिळतात. कलालू नावाचे अळूच्या फदफद्याच्या वळणाचे सूप दिसले तर त्यात मांस किंवा खेकडा नाही ना, हे विचारूनच मागवावे. रास्ताफारी या जमैकात उगम पावलेल्या पंथाच्या मंडळींच्या ‘आयटल’ स्वयंपाकात मांस नसते आणि मीठही बहुधा नसते. खिशात लिंबाच्या लोणच्याची पुडी ठेवावी. बंदराजवळचा भाजीबाजारही याच मंडळींचा आहे. चारही बाजूंनी एकदम हाका येतात, पण हसून एकाकडे गेले की बाकीचे शांत होतात. मासे खाणाऱ्यांनी ताज्या माशांची कालवणे सोडू नयेत. लॉबस्टर मे ते ऑगस्ट या चार महिन्यांत पकडण्यास बंदी आहे, त्या काळात कोणी देऊ केला तरी घेऊ नये.

देवमाशांच्या शिकारीचा विषय येथे निघतोच. आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने या बेटाला परंपरागत शिकारीसाठी वर्षाला सरासरी चार हंपबॅक देवमाशांची मुभा दिली आहे. उघड्या लाकडी शिडाच्या होड्यांतून, हाताने भाला फेकून ही शिकार होते, आणि तिचा हंगाम फेब्रुवारीतच सुरू होतो. मला ती पटत नाही. तरीही पॅजेट फार्म या कोळ्यांच्या वस्तीत ज्या वृद्ध गृहस्थांशी बोललो त्यांना प्रवचन देण्याचा अधिकार आपल्याला आहे, असेही वाटले नाही. आम्ही होड्यांविषयीच विचारले, आणि ते तासभर लाकूड, वाक आणि शिडे यांवर बोलत राहिले. होड्या बांधण्याचे हे कसब पोर्ट एलिझाबेथमधील नमुना-होड्यांच्या कार्यशाळांत पाहता येते. खरेदी न करताही कारागीर आनंदाने दाखवतात.

एक दिवस टोबॅगो केजसाठी राखावा. निर्मनुष्य बेटांचा हा सागरी संरक्षित भाग असून बाराडाल या बेटाजवळ हिरवी कासवे गवत खाताना वरूनच दिसतात. ‘फ्रेंडशिप रोझ’ हे १९६९ साली बेक्वेवरच बांधलेले आणि पूर्वी टपाल व उतारू नेणारे शिडाचे जहाज अशा सहली काढते. त्याच भागातील युनियन आयलंड आणि मेरो या बेटांची २०२४ च्या १ जुलैला बेरिल वादळाने मोठी हानी केली, म्हणून तिकडे मुक्काम करायचा असल्यास सद्यःस्थिती विचारूनच जावे. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. पहिल्या भेटीसाठी जानेवारी ते एप्रिल उत्तम, फक्त ईस्टरच्या वेळच्या शिडाच्या होड्यांच्या शर्यतींच्या आठवड्यात खोल्या महिनोनमहिने आधी भरलेल्या असतात.

बेटावर रुग्णालय लहान आहे आणि गंभीर रुग्णाला सेंट व्हिन्सेंट वा बार्बाडोसला न्यावे लागते, तेव्हा विम्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला आहे ना, हे पाहावे. रोजची औषधे मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीची न्यावीत. परतीचे विमान सकाळचे असेल तर आदल्या दिवशीच मुख्य बेटावर यावे. दुपारचे असेल तर पहाटेची फेरी धरावी, त्यानंतरची नव्हे. किंग्जटाउनच्या बाजारात आरारूट मिळते. एके काळी जगाला आरारूट पुरवणारा हा देश, त्यामुळे ते घेण्याची इच्छा होणारच. मात्र लेबल असलेले सीलबंद पाकीटच घ्यावे. सुट्या पांढऱ्या पिठाची पुरचुंडी मायामीच्या कस्टममध्ये समजावून सांगत बसलो तर पुढचे विमान थांबणार नाही.