तुम्ही विचारलंत म्हणून : आजारी एक, मग सगळ्या घराला का बोलावता?

नाशिकला गंगापूर रोडवरच्या दोन खोल्यांत मी कौटुंबिक समुपदेशन करते. तिथे येणारा प्रत्येक नवा माणूस थोड्याफार फरकाने दोन प्रश्न विचारतो. घरातले वडीलधारे विचारतात, "आजारी एकटा आहे, मग सगळ्या घराला कशाला बोलावता?" शिकलेला मुलगा किंवा जावई विचारतो, "या पद्धतीला संशोधनाचा आधार आहे का, की हे नुसतं बोलणं आहे?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. भेटीच्या घाईत मी त्यांची उत्तरं अर्धवट देते, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते : डॉक्टरांनी गोळ्या दिलेल्या असतील तर त्या चालू ठेवायच्या असतात, समुपदेशन त्यांच्या जोडीने चालतं, त्यांच्या जागी नाही.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर व्हर्जिनिया सटीर यांच्या एका अनुभवात आहे. १९१६ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात जन्मलेल्या सटीर आधी शिक्षिका होत्या, पुढे समाजकार्याकडे वळल्या. १९५१ मध्ये स्किझोफ्रेनियाचं निदान झालेली एक तरुणी त्यांच्याकडे उपचारांना येत होती. काही महिन्यांत ती बरीच सुधारली, तेव्हा तिच्या आईने, तुम्ही माझी मुलगी माझ्यापासून तोडता आहात, तुमच्यावर खटला भरते, अशी धमकी दिली. सटीर यांना त्या धमकीच्या आत एक विनवणी ऐकू आली आणि त्यांनी आईलाच भेटीला बोलावलं. आई खोलीत आल्याबरोबर मुलगी पुन्हा पूर्वीच्या अवस्थेला गेली. हळूहळू दोघींचा मेळ बसला, तोवर वडिलांना बोलावण्याची वेळ आली आणि पुन्हा सगळं विस्कटलं. मग भाऊ आला, तेव्हाही तेच झालं. आजार एका शरीरात दिसत असला, तरी तो घरातल्या माणसांच्या परस्परांशी वागण्याबोलण्यात गुंतलेला असतो, हे त्यांना तिथे कळलं. १९५९ मध्ये त्या कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे मनोविकारतज्ज्ञ डॉन जॅक्सन यांच्याबरोबर मेंटल रिसर्च इन्स्टिट्यूटच्या उभारणीत सामील झाल्या आणि तिथे कौटुंबिक उपचारांचं शिक्षण देऊ लागल्या.

आपल्याकडे ही समज बाहेरून आली, असं मात्र कुणी समजू नये. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५०च्या दशकात रुग्णाच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून सोबत राहू दिलं आणि उपचारांत सामील करून घेतलं. त्या काळात जगातल्या बहुतेक मनोरुग्णालयांची रीत नातेवाइकांना दाराबाहेर ठेवण्याची होती.

सटीर यांची पद्धत मानवतावादी मानसशास्त्राच्या घराण्यातली आहे. या घराण्याचं म्हणणं असं की, माणसात वाढण्याची ओढ मुळातच असते. उपचारकाने ती ओढ घालायची नसते, तिच्या वाटेतले अडथळे दूर करायचे असतात. याच घराण्यातले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) यांनी यासाठी लहानपणी पाहिलेल्या तळघरातल्या बटाट्यांचं उदाहरण दिलं आहे. हिवाळ्यासाठी साठवलेल्या त्या बटाट्यांना अंधारातही फिकट, लांबट कोंब फुटत आणि ते खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने वाढत.

निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाला मी हेच उदाहरण दिलं होतं. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) धाकटा मुलगा चार महिने कुणाशी बोलत नव्हता, दिवसभर अंथरुणात पडून असायचा. डॉक्टरांनी नैराश्याची औषधं सुरू केली होती आणि माझ्याकडे पाठवलं होतं. आप्पा, माई, थोरला मुलगा, सून आणि हा धाकटा, असे पाचही जण समोर बसले होते. त्यांना बटाट्यांपेक्षा कांदा जवळचा, म्हणून मी कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याला पावसाळ्यात फुटणाऱ्या कोंबाची आठवण करून दिली. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, कोंब फुटला म्हंजी कांदा गेला. त्याला लासलगावला कोणी हात लावत नाही."

त्या वाक्याने मला बरंच शिकवलं. माझ्या पुस्तकात कोंब म्हणजे वाढ, त्यांच्या चाळीत कोंब म्हणजे नुकसान. धाकट्याला अंबडच्या एका कंपनीत नोकरी धरायची होती, खोली घेऊन राहायचं होतं. त्याच्या दृष्टीने ती वाढ होती, तर आप्पांच्या दृष्टीने ऐन ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर द्राक्षबागेतले दोन हात कमी होणार होते आणि घर फुटायला सुरुवात होणार होती. एकाची वाढ म्हणजे इतरांना तोटा वाटतो, अशी घरं मी नाशिक जिल्ह्यात पुष्कळ पाहिली आहेत. तिथे 'वाढू द्या' एवढं सांगणं अपुरं पडतं. ज्याला तोटा वाटतो त्याचंही दुःख तितक्याच आदराने ऐकावं लागतं. सगळ्या घराला बोलावण्याचं माझं खरं कारण हे आहे.

आता संशोधनाविषयी. रॉजर्स स्वतः संशोधक वृत्तीचे होते. बंद दाराआडचं संभाषण ध्वनिमुद्रित करून अभ्यासकांपुढे ठेवणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांची गणना होते. १९४२ च्या त्यांच्या ग्रंथात एका संपूर्ण उपचाराचं शब्दशः संभाषण छापलेलं आहे. १९५७ मध्ये त्यांनी असा सिद्धांत मांडला की, उपचारकाची समानुभूती (म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन त्याचं मन समजून घेणं), रुग्णाविषयी बिनशर्त आदर आणि आतबाहेर एक असणं, या गोष्टी बदलाला कारण होतात. तो तपासून पाहता येईल अशा शब्दांत मांडलेला होता आणि पुढे तपासलाही गेला. समानुभूतीविषयीचा २०१८ सालचा एकत्रित अभ्यास, म्हणजे आधीच्या अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेला अभ्यास, ८२ वेगवेगळ्या गटांवर, मिळून ६,१३८ व्यक्तींवर आधारलेला आहे. त्यात समानुभूती आणि उपचाराचं फलित यांतला सहसंबंध ०.२८ निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). आकडा लहान दिसतो, पण मानसोपचारात कुठल्याही एका घटकाचा वाटा याहून फारसा मोठा निघत नाही.

जोडप्यांच्या बाबतीत पुरावा आणखी नेमका आहे. सू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी रॉजर्स यांच्या परंपरेतून आणि कुटुंब ही एकमेकांवर परिणाम करणाऱ्या माणसांची व्यवस्था आहे या विचारातून भावनाकेंद्री उपचार घडवले. १९८५ च्या त्यांच्या अभ्यासात ४५ जोडप्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली होती : काहींना हे उपचार, काहींना समस्या सोडवण्याचं प्रशिक्षण, तर काही प्रतीक्षा यादीत. भावनाकेंद्री उपचार घेतलेल्यांची सुधारणा दोन्ही गटांपेक्षा जास्त होती. १९९९ मध्ये अशा चार अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा सुमारे ७० ते ७३ टक्के जोडपी नात्यातल्या तणावातून बाहेर आलेली दिसली. अभ्यास लहान होते, आणि त्यांतले बरेचसे पद्धत घडवणाऱ्यांनीच केलेले होते, हेही सांगायला हवं.

सटीर यांच्या मूळ पद्धतीबद्दल मात्र मी छातीठोकपणे बोलणार नाही. ती जगभर शिकवली जाते, हाँगकाँग आणि तैवानमध्ये तर चांगलीच रुजली आहे, तरी तिच्यावरचे नियंत्रित अभ्यास, म्हणजे उपचार घेतलेल्यांची न घेतलेल्यांशी तुलना करणारे अभ्यास, थोडे आहेत. पद्धत उपयोगाची नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण जेवढं सिद्ध झालं आहे तेवढंच सिद्ध झालं म्हणावं, एवढी शिस्त आपण पाळलीच पाहिजे.

ही शिस्त मी तंत्राच्या बाबतीत पाळली नव्हती. घरातले ताण शरीरातून दाखवायची सटीर यांची एक रीत आहे : मनधरणी करणारा गुडघ्यावर बसतो, दोष देणारा बोट रोखून उभा राहतो. निफाडच्या कुटुंबाच्या दुसऱ्याच भेटीत मी धाकट्याला आप्पांकडे बोट रोखून उभं राहायला सांगितलं. त्याचा हात वर येईना. थोरल्याने मान खाली घातली, आप्पा उठले, टोपी घातली आणि जिना उतरून गेले. मुलाने बापावर बोट उगारणं हा त्या घरात खेळातलाही अपमान होता, आणि ते मला कळायला हवं होतं. पुढचे दोन महिने कुणी आलं नाही. ती चूक माझी होती. मी फोन करून आप्पांची माफी मागितली, तेव्हा ते पुन्हा आले.

तिसऱ्या भेटीत मी कुणालाही उभं केलं नाही. चहा झाल्यावर रिकामे कप ट्रेमध्ये तसेच राहू दिले आणि म्हटलं, "हे आपलं घर समजा. आपापला कप, आपल्याला घरात जिथे आहोत असं वाटतं, तिथे ठेवा." आप्पांनी आपला कप मधोमध ठेवला. थोरल्याने त्याला अगदी चिकटून ठेवला, सुनेने नवऱ्याच्या मागे. धाकट्याने आपला कप ट्रेच्या बाहेर, टेबलाच्या कडेला नेऊन ठेवला, पडेल की काय असं वाटण्याइतका. माई बराच वेळ बसून राहिल्या. मग त्यांनी आपला कप उचलून किटलीच्या मागे ठेवला, जिथून तो कुणालाच दिसत नव्हता. आप्पा वाकून किटलीच्या पलीकडे बघू लागले. खोलीत कुणी काही बोललं नाही, आणि मीही बोलण्याची घाई केली नाही.

धाकटा आज अंबडला कामावर जातो आणि शनिवारी घरी येतो. पण हा पुरावा नव्हे. औषधं चालू होती, चार महिने गेले होते, छाटणीही मजूर लावून पार पडली होती. यांतल्या कशाने किती फरक पडला हे एका घरावरून कुणीही सांगू शकणार नाही.

म्हणून मी निदान एक मोजमाप करते. जोडपी आणि कुटुंबं यांच्यावरच्या ४८ अभ्यासांच्या २०१८ मधल्या एकत्रित विश्लेषणात, उपचारकाशी जुळलेलं नातं आणि फलित यांचा सहसंबंध सुमारे ०.३० आढळला. शिवाय घरातल्या एकाचं जुळलं आणि दुसऱ्याचं जुळलं नाही, तर फलित खालावतं, असंही त्यात दिसलं. त्यामुळे प्रत्येक भेटीनंतर मी प्रत्येकाला एक कागद देते. त्यावर एक आडवी रेघ असते : डावं टोक म्हणजे आज माझं म्हणणं कुणी ऐकलं नाही, उजवं टोक म्हणजे पूर्ण ऐकलं. त्या रेघेवर फक्त एक खूण करायची.

माईंची खूण पहिल्या आणि तिसऱ्या भेटीत आप्पांच्या खुणेच्या अगदी शेजारी होती, आणि मला ते जुळल्याचं लक्षण वाटलं होतं. चौथ्या भेटीत कागद देताना माझं लक्ष गेलं : माई आधी आप्पांच्या कागदाकडे पाहत होत्या, आणि मग आपल्या कागदावर पेन टेकवत होत्या. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं आणि नवा कागद दिला. या वेळी खूण डाव्या टोकापासून बोटभर अंतरावर होती.

पाचवी भेट मी एकट्या माईंबरोबर ठरवली.