गच्चीवर

मंगळवार, रात्री पावणेबारा

ओपन माइकला माझा स्टँड-अप कॉमेडीचा सेट पडला. साफ पडला. पाच मिनिटांत एकच हशा, तोही माइकचा स्टँड हातातून निसटला तेव्हाचा. चौथ्या मिनिटाला मागून मोबाइलचा टॉर्च दाखवतात, आवरतं घ्या म्हणून. आज तो दिसला तेव्हा मला एखादी नातेवाईक स्टेशनवर घ्यायला आल्यासारखं वाटलं.

समोर अठरा माणसं. त्यातली अकरा आपापल्या नंबरची वाट बघत वहीत डोकं घालून बसलेली. कॉमेडी करायला आलेली माणसं दुसऱ्याच्या कॉमेडीला हसत नाहीत, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मीही हसत नाही म्हणा. मनात 'बरं होतं' म्हणते आणि पुढचं पान उलटते.

सगळ्यात जास्त भरवसा लिफ्टच्या जोकवर होता. तोच गेला.

बुधवार

सकाळच्या फास्टमध्ये ठाण्यापासून कालचं रेकॉर्डिंग ऐकलं. स्वतःचा आवाज ऐकायला आवडत नाही वगैरे ठीक आहे, पण खरी लाज वेगळीच निघाली. मी बोलले होते ते असं:

"आमच्या सोसायटीची तीन महिने बंद असलेली लिफ्ट दुरुस्त करण्याबाबतची मीटिंग आठव्या मजल्यावरच्या गच्चीवर ठेवण्यात आली होती."

'गच्चीवर' म्हटल्याबरोबर डावीकडून कुणीतरी नाकातून 'हुं' केलंय. सुरुवात होती ती. पण माझं चालूच: 'ठेवण्यात आली होती.' तीन शब्दांचा रोडरोलर. त्याखाली ते 'हुं' सपाट. घाटकोपर येईपर्यंत सहा वेळा मागे नेऊन ऐकलं. लोकांना हसू येत नव्हतं असं नाही. मीच हशा खाल्ला.

वाक्य कुठून आलं तेही कळलं. सोसायटीच्या बोर्डावरून. सेक्रेटरींची 'सर्व सभासदांना कळविण्यात येते की' ही भाषा मला इतकी आवडते की मी ती जशीच्या तशी उचलली. बोर्डावर ती विनोदी आहे, कारण तिथे आपण पिशव्या घेऊन जिन्याशी थांबलेले असतो आणि वाचायला वेळ असतो.

गुरुवार

ऑफिसात २० तारीख. जीएसटी रिटर्न भरता भरता मागच्या कागदावर हेच चाललेलं. हसवणारा शब्द शेवटी ठेवा, असं सगळेच सांगतात. इंग्रजीत ठेवायला काय जातं, क्रियापद आधीच उरकलेलं असतं. मराठीत शेवटच्या जागेवर क्रियापदानं रुमाल टाकून ठेवलेला. 'आहे', 'होतं', 'करण्यात आलं'. जोक आला तरी उठायला तयार नाही.

पण हे पुस्तकातलं मराठी झालं. घरात कोण असं बोलतं? 'गेली एकदाची पाहुणी!' यात 'गेली' आधी आणि पाहुणी शेवटी. आई भांडताना तर क्रियापद कुठे फेकेल याचा नेम नसतो, आणि ती नेम मात्र अचूक साधते.

मग डोक्यात आलं ते लक्ष्मण देशपांड्यांच्या एकपात्री प्रयोगाचं नाव. 'वऱ्हाड निघालंय लंडनला.' एकटा माणूस ५२ पात्रं उभी करायचा, हे सगळ्यांना माहीत असतं. मी आज पहिल्यांदा नुसतं नाव नीट वाचलं. सरळ लिहायचं तर 'वऱ्हाड लंडनला निघालंय' व्हायला हवं. म्हणून बघा. रेल्वेची उद्घोषणा वाटते. 'वऱ्हाड निघालंय' इथपर्यंत डोळ्यांपुढे बैलगाडी, फार तर लालडबा, आणि मग एकदम 'लंडनला'. पडदा वर जायच्या आत पहिला हशा. लहानपणी मी हे रेकॉर्डिंग पोट धरून पाहिलंय, आणि नावातच कारागिरी आहे हे कळायला ३१ वर्षं लागली.

बाजूच्या टेबलवरच्या मॅडमनी विचारलं, "कसला हिशेब जुळत नाहीये?" मी म्हटलं, "लिफ्टचा."

कागदावर उरलेलं: "लिफ्ट तीन महिने बंद. शेवटी मीटिंग बोलावली. गच्चीवर." त्याला जोडून, "कोरम भरेना. कोरम पाचव्या मजल्यावर दम खात बसलेला."

दुसरं वाक्य लिहिल्यावर मी स्वतःच हसले. असं क्वचित होतं. आणि ते धोक्याचं असतं, कारण मग त्या ओळीला मी बाळासारखी जपते.

शनिवार

कुडाळला मामाला फोन केला. मामा तरुणपणी पाचेक वर्षं दशावतारी नाटकात संकासुर करायचा. आता किराणा दुकान आहे. संकासुर म्हणजे काळे कपडे, तोंडावर काळा बुरखा, लोंबणारी जीभ. वेद चोरणारा राक्षस, शेवटी विष्णूच्या हातून मरतो. पण मरेपर्यंत रंगमंच त्याचा. बाकीचे देव पुस्तकी बोलतात, हा मालवणीत. लिहिलेलं काही नाही, समोर जे बसलेत त्यांचंच काढायचं. जत्रेत पुढे पोलीसपाटील बसला असेल तर त्या रात्री वेद पाटलाकडे गहाण.

लहानपणी मी त्याला घाबरायचे आणि तरी पुढेच बसायचे. बायका तेव्हा तिथे बघायलाच, काम करायला नाहीत. स्त्रीपात्रंही पुरुषच करायचे. हे मी मामाला मुद्दाम ऐकवलं. तो म्हणाला, "आता तू उबी रवतंस मा? मगे झाला."

मग म्हणाला, "म्हणून दाखव." दुकानात गिऱ्हाईक असताना, स्पीकरवर. मी म्हटलं. पलीकडे शांतता, मग तराजूत काहीतरी ओतल्याचा आवाज. मी लगेच कोरमवर गेले.

"गो बाय, धावतंस खंय?" मामा म्हणाला. "माणसांक जिनो चढांदे. गच्चीवर पोचांदेत. हसू जरा खाली बसांदे, मगे बोल."

मी विचारलं, हसलेच नाहीत तर? तो म्हणाला, संकासुराला बुरखा असतो, त्यामुळे त्याची वाट बघतानाची भीती दिसत नाही. तुला बुरखा नाही, एवढाच फरक.

दोन किलो तांदळाचे पैसे घेऊन त्यानं फोन ठेवला.

रविवार, रात्री

आज १४ माणसं. कॉफीवाला मुलगा धरून १५.

"लिफ्ट तीन महिने बंद. शेवटी मीटिंग बोलावली. गच्चीवर."

आणि गप्प राहिले. लोकल कुर्ल्याच्या आधी सिग्नलला थांबते तेव्हा पंख्याचा आवाज अचानक ऐकू यायला लागतो, तसं झालं. माइक धरलेल्या हाताचा अंगठा कापत होता. किती वेळ गेला कोण जाणे. मग काउंटरमागून कॉफीवाला हसला, आणि त्याच्या हसण्याला मागच्या रांगेतल्या दोघी. वही धरलेल्यांपैकी एकानं वर बघितलं. एकानंच, पण बघितलं.

पुढचं घाईत गेलं. बाकी पाच मिनिटांबद्दल लिहिण्यासारखं नाही. नवऱ्याच्या गावच्या लग्नाचा जोक कायमचा काढून टाकायचा, तो मी केवळ सूड म्हणून ठेवला होता.

रेकॉर्डिंग मामाला पाठवलं. मला वाटलं 'गच्चीवर'बद्दल काहीतरी म्हणेल. निळ्या खुणा आल्या. बराच वेळ टायपिंग दिसत होतं, मग गायब, मग परत. साडेदहाला उत्तर आलं:

"दम खात बसलेला होता. होता कित्याक?"

परत ऐकलं. खरंच म्हटलंय मी.