दर शंभर सेकंदांनी एक गाडी

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या व्हिक्टोरिया लाइनवर गर्दीच्या वेळी एका दिशेला तासाला ३६ गाड्या धावतात. दर १०० सेकंदांनी एक. मे २०१७ पासून हे वेळापत्रक आहे. मी डोंबिवलीची, त्यामुळे गर्दीचं मला अप्रूप नव्हतं. पण इतक्या गर्दीत इतका नेम पाळणारी लाइन मी पाहिली नव्हती. गाड्यांची क्षमता आणि वेळापत्रक यांचा अभ्यास करणाऱ्या एका गटात मी तिथे कामाला होते. त्या हिवाळ्यात आमच्या प्रमुखांनी मला एका दिवसासाठी स्टॉपवॉच आणि वही देऊन बाहेर काढलं. सकाळी ऑक्सफर्ड सर्कस, संध्याकाळी वॉल्थमस्टो सेंट्रल.

या सगळ्याच्या नोंदी कॉम्प्युटरमध्ये आपोआप होतात, मग मी कशाला, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “दार किती वेळ उघडं होतं ते यंत्र सांगतं. का उघडं राहिलं ते तू बघून ये.”

१०० सेकंदांचा हिशोब आधी सांगते. उभी असलेली गाडी हलते, तिचा शेवटचा डबा फलाटाबाहेर पडतो, मागची गाडी सुरक्षित अंतर राखून आत येते आणि थांबते. गाडी आठ डब्यांची, १३३ मीटर लांब. ही अदलाबदल समजा ५५ सेकंदांत झाली, तर दारं उघडणं, माणसं उतरणं, चढणं आणि दारं मिटणं या सगळ्याला मिळून ४५ सेकंद उरतात. पंगतीत आधीचे उठल्याशिवाय पुढच्यांना बसता येत नाही, तसं हे आहे. बोगद्यात गाडी कितीही जोरात पळवली तरी तासाच्या गाड्या वाढत नाहीत. त्या वाढतात किंवा अडतात त्या फलाटावर.

ज्यांनी ही लाइन आखली त्यांना हे पुरतं ठाऊक होतं. लाइन १९६८ साली सुरू झाली. स्टेशनं बोगद्याच्या उंचवट्यावर बांधली आहेत. फलाटाकडे येताना चढ लागतो, गाडी मंदावायला मदत होते. निघताना उतार मिळतो, ती चटकन बाहेर पडते. वीज वाचते आणि सेकंदही वाचतात. गाडी पहिल्या दिवसापासून स्वयंचलित आहे. चालक दारं मिटवतो, दोन बटणं एकदम दाबतो आणि पुढचं यंत्र पाहतं. माणसापरत्वे ब्रेक लावण्याची सवय बदलते, कुणी लवकर लावतो, कुणी उशिरा. यंत्र दर वेळी तसंच थांबतं, म्हणून मागच्या गाडीसाठी जादा वेळ राखून ठेवावा लागत नाही.

सिग्नलबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. आताची यंत्रणा गाडीला रेडिओवरून कळवते की तुला अमुक ठिकाणापर्यंत जायची मुभा आहे. रूळ छोट्या तुकड्यांत विभागलेला आहे, पुढचा तुकडा मोकळा झाला की मुभा पुढे सरकते. ज्युबिली आणि नॉर्दर्न लाइनवर याच्या पुढची यंत्रणा आहे. तिथे असे ठरलेले तुकडे नाहीत, पुढच्या गाडीच्या शेपटापर्यंतचं अंतर सतत मोजलं जातं. तरीही लंडनमध्ये सगळ्यात दाट गाड्या व्हिक्टोरियावरच धावतात. यंत्रणा भारी घेतली की गाड्या आपोआप वाढतील असं कुणी सांगू लागलं की मी हे उदाहरण देते.

सकाळी मी दक्षिणेकडे जाणाऱ्या फलाटावर उभी होते. ऑक्सफर्ड सर्कसला बेकरलू लाइनचा फलाट शेजारीच आहे, मधल्या छोट्या वाटेने चालत गेलं की गाडी बदलता येते. प्रवाशांना हे फार सोयीचं. वेळापत्रकवाल्यांना मात्र त्याचा हिशोब ठेवावा लागतो, कारण बेकरलूची गाडी रिकामी झाली की तो लोंढा एकदमच अंगावर येतो, आणि येतो तो ठरावीक दोन-तीन दारांसमोर. पहिल्या अर्ध्या तासातच मला दिसलं की आठ डब्यांपैकी बहुतेकांची दारं केव्हाच मोकळी झालेली असतात आणि अख्खी गाडी त्या वाटेसमोरच्या एका दारासाठी खोळंबते. थांब्याचे सेकंद तेच एक दार ठरवतं. सरासरी काढली की हे दार दिसेनासं होतं.

मग ते घडलं. दारं मिटत असताना जाड कोट घातलेला एक माणूस आत घुसला. तो आत गेला, त्याच्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा दारात राहिला. दारं पुन्हा उघडली, पुन्हा मिटू लागली, तेवढ्यात आणखी दोघं चढायला धावली. शेवटी फलाटावरच्या कर्मचाऱ्याने पट्टा आत लोटला, हात वर केला आणि गाडी गेली. एवढ्यात अर्धा मिनिट गेला असेल. डोंबिवलीच्या फलाटावर अर्ध्या मिनिटाकडे कुणी ढुंकूनही पाहणार नाही.

इथे तो अर्धा मिनिट कुठे कुठे गेला ते बघा. मागची गाडी बोगद्यात थांबली, तिच्यामुळे तिच्या मागची वॉरन स्ट्रीट या आधीच्या स्टेशनातच रेंगाळली. ही झाली मागची बाजू. पुढची बाजू त्याहून वाईट. उशीर झालेल्या गाडीपुढे आता १०० ऐवजी १३० सेकंदांची पोकळी होती. पुढच्या ग्रीन पार्क स्टेशनला माणसं एकसारखी येत असतील, तर तिला तिथे नेहमीच्या तीस टक्के जास्त माणसं भेटणार. म्हणजे तिथे चढायला जास्त वेळ लागणार, उशीर वाढणार, व्हिक्टोरिया स्टेशनवर गर्दी अजून मोठी. एक गाडी तुडुंब आणि तिच्या पाठीला चिकटून आलेली मागची गाडी निम्मी रिकामी, हे मुंबईतही सगळ्यांनी पाहिलं आहे. ते नशीब नव्हे. उशीर स्वतःच स्वतःला वाढवतो.

मी वहीत पुढच्या गाड्या लिहीत राहिले आणि थांबे फुगत जाण्याची वाट पाहत राहिले. ते फुगले नाहीत. चार-पाच गाड्यांत सगळं पूर्ववत झालं. का, ते मला दुपारी नोंदी चाळताना समजलं. कंट्रोल रूमने उशीर झालेल्या गाडीला पुढे रेटलं नव्हतं. तिच्या पुढे गेलेल्या, वेळेत चाललेल्या गाड्यांना त्यांनी पुढच्या स्टेशनांवर थोडं थोडं रोखून धरलं होतं. तीस सेकंदांची जादा पोकळी तीन गाड्यांपुढच्या अंतरांत दहा-दहाने वाटून टाकली की कुठल्याच फलाटावर गर्दी साचत नाही. मागची गाडी अडली म्हणून पुढचीला थांबवायचं, हे ऐकताना उलटं वाटतं. त्या पुढच्या गाडीतल्या प्रवाशाला तर अन्यायच वाटत असणार, विनाकारण दहा-वीस सेकंद उभं केलं म्हणून. पण कागदावरच्या वेळेपेक्षा दोन गाड्यांमधलं अंतर जपलं की लाइन टिकते. त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये जे बसले होते त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला. हजारो लोकांची सकाळ त्यांनी सांभाळली आणि त्यातल्या एकालाही त्याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी वॉल्थमस्टोला, म्हणजे लाइनच्या उत्तर टोकाला. इथे फलाट दोनच. तासाला ३६ गाड्या आल्या तर एका फलाटाच्या वाट्याला दर २०० सेकंदांनी एक गाडी येते. त्या २०० सेकंदांत तिने आत यायचं, रिकामं व्हायचं, भरायचं आणि उलट्या दिशेने बाहेर पडायचं. चालकाने उतरून १३३ मीटर गर्दीतून चालत दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जायचं म्हटलं तर निम्म्याहून जास्त वेळ चालण्यातच जाईल. म्हणून तिथे दुसरा चालक आधीच दुसऱ्या टोकाशी उभा असतो. गाडी थांबली की तो चढतो. जो गाडी घेऊन आला तो सावकाश चालत जातो आणि नंतरची गाडी घेतो. यासाठी जास्त चालक लागतात, हा खर्च आहे. पण त्याच्याशिवाय ३६ हा आकडाच उभा राहत नाही.

फलाटांच्या अलीकडे दोन रूळ फुलीने जोडणारे सांधे आहेत. आत येणारी गाडी पलीकडच्या फलाटाकडे वळते तेव्हा बाहेर जाणारीला वाट मोकळी नसते. सांध्यावरून जाण्याचा वेग कमी असेल तर दोघींचं अडणं वाढतं. ऑगस्ट २०१५ मध्ये सेव्हन सिस्टर्स स्टेशनच्या पुढचा भाग तीन आठवडे बंद ठेवून हे सांधे नव्याने घातले, ते याच कारणाने. त्याआधी काही गाड्यांना सेव्हन सिस्टर्सवरूनच मागे फिरवावं लागे. तीन आठवड्यांच्या बंदीबद्दल लोकांनी तेव्हा बोटं मोडली असतील. मला मात्र त्या सांध्यांवरून सफाईने सरकणाऱ्या गाड्या पाहून वाटलं की या लाइनवर खर्च केलेल्या पैशांतला सगळ्यात सार्थकी लागलेला पैसा इथे आहे.

हेही खरं की व्हिक्टोरियाला एकही फाटा नाही, सगळ्या गाड्या एकसारख्या, सगळ्या सगळीकडे थांबतात. आपल्या मध्य रेल्वेवर कसारा आणि कर्जतच्या वाटा कल्याणला फुटतात, जलद-धीम्या, मेल-एक्सप्रेस, मालगाड्या एकाच पसाऱ्यात चालतात आणि तरी गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांत लोकल येते. त्या रेल्वेच्या माणसांची तुलना लंडनशी करून त्यांना नावं ठेवणं मला पटत नाही. कफ परेड ते आरे या मेट्रो ३ ची गोष्ट वेगळी. ती स्वतंत्र, जवळजवळ पूर्ण भुयारी, आठ डब्यांची. तिथे गाड्या दाट करायची वेळ येईल तेव्हा पहिला प्रश्न दोन टोकांच्या सांध्यांचा आणि चालकांच्या अदलाबदलीचा असेल, नव्या डब्यांचा नंतर.

अहवालात मी पहिली शिफारस लिहिली ती यंत्राची नव्हती. ऑक्सफर्ड सर्कसला त्या वाटेसमोरच्या दाराशी सकाळी एक माणूस कायम ठेवा, आणि शेजारी बेकरलूची गाडी येतेय हे त्याला अर्धा मिनिट आधी कळेल अशी सोय करा. प्रमुखांनी वाचून विचारलं, “दुसरी?”

“ती लिहायच्या आधी मला दक्षिण टोकाला, ब्रिक्स्टनला, संध्याकाळभर उभं राहायचं आहे,” मी म्हटलं.