थर्मल फोटो शार्प करताना आकडा कसा हलतो

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, सुरू आहे, त्यामुळे सध्या मी पहाटे पाचलाच घरून निघून राहिलो. नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत नाहीतर बुटीबोरीला विजेच्या पॅनलचं थर्मल स्कॅनिंग (उष्णता मोजणाऱ्या कॅमेऱ्यानं फोटो काढणं) असलं की दुपारची वेळ मी घेतच नाही, कारण आपल्याकडच्या उन्हात बारा वाजेपर्यंत भिंत, पत्रा, पॅनलचा दरवाजा, केबल ट्रे सगळं जवळपास एकाच तापमानाला येऊन बसतं आणि फोटोत कशाचीच कड दिसत नाही. पहाटे शेड थंड असते, तिसऱ्या शिफ्टचा लोड चालू असतो, तापलेला लग (केबलच्या टोकाचा जोड) लगेच वेगळा दिसतो. फोटो साफ करायचं निम्मं काम इथंच होऊन जातं.

उरलेल्या निम्म्याबद्दल मला बरंच सांगायचं आहे, कारण त्यात मी एक मोठी चूक केली होती. मागच्या वर्षी एका कारखान्यात मेन पॅनल स्कॅन केलं. कॅमेरा १६० बाय १२० पिक्सेलचा, फोटो धूसर, बसबारवरचे, म्हणजे वीज नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीवरचे, बोल्ट नुसते ठिपक्यासारखे. रिपोर्ट चांगला दिसावा म्हणून घरी येऊन पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहून फोटो शार्प केले, आणि घाईत त्या शार्प केलेल्या फाइलमधूनच तापमानाचे आकडे उचलले. त्या कारखान्याचा नियम होता की जॉइंट ७५ डिग्रीच्या वर गेला की शटडाउन. माझ्या रिपोर्टमध्ये तिन्ही फेज (वीज आणणारे आर, वाय आणि बी हे तीन मार्ग) ७५ च्या वर. रविवारी लाइन बंद करून पॅनल खोललं, ढिला बोल्ट तापतो म्हणून टॉर्क रेंच लावून पाहिला, सगळे बोल्ट टाइट. तिथले जुने वायरमन काका शांतपणे म्हणाले, "साहेब, तिन्हीचे तिन्ही एकाच वेळी ढिले कसे होतील? थोडा विचार करून पाहा ना." ते वाक्य अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

घरी येऊन मूळ फाइल उघडली तर बी फेजच्या बोल्टवर ७१ डिग्री होतं, बाजूच्या दोन पिक्सेलवर ६०. शार्प केल्यावर तेच ७१ झालं ७८. हे सात डिग्री आले कुठून, तर ते कागदावर करून पाहण्यासारखं आहे म्हणून इथं करतो.

शार्पनिंगची सगळ्यात चालणारी पद्धत म्हणजे अनशार्प मास्क. आधी फोटो थोडा ब्लर, म्हणजे धूसर, करायचा, मूळ फोटोतून तो ब्लर वजा करायचा, जो फरक उरला तो परत मूळ फोटोत मिळवायचा. सोपं व्हावं म्हणून एकाच ओळीचे तीन पिक्सेल घेऊ: ६०, ७१, ६०. तिघांची सरासरी ६३.७, मधल्याचा फरक ७.३, तो मिळवला की ७८.३. बस. पॅनलमध्ये कुठंच ७८ डिग्री नव्हतं, ते माझ्या लॅपटॉपवर तयार झालं.

आता सरळ कड घ्या, डावीकडे ४० डिग्रीचा पत्रा आणि उजवीकडे ६० डिग्रीचा बसबार: ४०, ४०, ६०, ६०. कडेच्या ४० ची शेजाऱ्यांसकट सरासरी ४६.७, म्हणजे शार्प झाल्यावर तो ३३.३ वर जातो आणि कडेचा ६० जातो ६६.७ वर. कडेला एका बाजूनं काळी आणि दुसऱ्या बाजूनं चमकती रेघ दिसते ती हीच, तिला हेलो म्हणतात. साध्या फोटोत हेलो आला तर फोटो जरा भडक वाटतो एवढंच, कोणाचं काही बिघडत नाही. थर्मल फोटोत प्रत्येक पिक्सेल हे एक माप आहे, थर्मामीटरच्या वाचनासारखं, त्यामुळे हेलो म्हणजे खोटं तापमान.

आणि नॉइजचं, म्हणजे कॅमेऱ्यामुळेच आकड्यात येणाऱ्या खोट्या चढउताराचं, तर विचारूच नका. सपाट ४० डिग्रीच्या पत्र्यावर एक पिक्सेल नॉइजमुळे ४०.३ आला असेल तर त्याच हिशोबानं तो ४०.५ होतो आणि बाजूचे दोन ३९.९ वर उतरतात, म्हणजे ०.३ चा उंचवटा ०.६ चा झाला. म्हणून नॉइज काढल्याशिवाय शार्प करायला जायचंच नाही, हा क्रम उलटा केला की फोटोवर नुसती खसखस सांडल्यासारखी दिसते.

नॉइज येतो कुठून हेही सांगतो, कारण दोन जातींचा नॉइज असतो आणि दोघांना एकच औषध चालत नाही. आपण वापरतो ते स्वस्त थर्मल कॅमेरे म्हणजे अनकूल्ड (सेन्सर थंड न करता चालणारे) मायक्रोबोलोमीटर, प्रत्येक पिक्सेल म्हणजे व्हॅनेडियम ऑक्साइडचा किंवा अमॉर्फस सिलिकॉनचा बारीक पापुद्रा, ८ ते १४ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडनं तो किंचित तापतो आणि त्याचा रेझिस्टन्स बदलतो. पहिला नॉइज दर फ्रेमला बदलणारा. माहितीपत्रकात ५० मिलीकेल्विन असं लिहिलेलं असतं ना, तो हाच, ०.०५ डिग्रीचा. ह्याला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात इमानदार उपाय म्हणजे ट्रायपॉड. कॅमेरा हलवायचा नाही, १६ फ्रेम घ्यायच्या आणि सरासरी काढायची, नॉइज चौथाईवर येतो कारण तो फ्रेमच्या संख्येच्या वर्गमुळानं कमी होतो. सेकंदाला ९ च्या आसपास फ्रेम देणाऱ्या कॅमेऱ्यात १६ फ्रेमला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. लोक हातात धरून एक फोटो काढतात आणि मग घरी चार फिल्टर मारत बसतात, हे पाहून मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा नॉइज जागचा हलत नाही. उभ्या पट्ट्या, कोपऱ्यात उजळ डाग, ठरावीक मेलेले पिक्सेल. उभ्या पट्ट्या येतात कारण सेन्सरच्या प्रत्येक कॉलमचं वाचन करणारं सर्किट वेगळं असतं आणि त्यांच्यात थोडा थोडा फरक असतो. हा नॉइज सरासरीनं जात नाही, शंभर फ्रेम घेतल्या तरी पट्टी तिथंच राहते, उलट बाकीचं साफ झाल्यामुळे जास्त उठून दिसते. कॅमेरा मधूनच टक् आवाज करतो ना, तेव्हा तो आतलं शटर समोर आणून सगळे पिक्सेल एका पातळीवर आणत असतो, तरी काही उरतंच. मी वहीचा जाड पुठ्ठा लेन्ससमोर अगदी जवळ धरून १६ फ्रेम घेतो, त्यांची सरासरी काढतो, त्या सरासरीत प्रत्येक पिक्सेल एकूण मधल्या आकड्यापेक्षा किती वर किंवा खाली आहे ते लिहून ठेवतो आणि तेवढं खऱ्या फोटोतून वजा करतो. पट्ट्या बऱ्यापैकी जातात. स्टीलचं ताट घेऊन जमत नाही, ते आरशासारखं आपलीच उष्णता परत दाखवतं.

एक खास नागपूरची गोष्ट. गाडीत एसी लावून जायचं आणि उतरल्या उतरल्या ४५ डिग्रीत यार्डमध्ये कॅमेरा चालू करायचा असं करू नका. कॅमेऱ्याची बॉडी आणि लेन्स स्वतःच तापत असतात, आकडे सरकत राहतात, पट्ट्या दर मिनिटाला नव्या येतात. मी कॅमेरा चालू करून पंधरा-वीस मिनिटं सावलीत ठेवून देतो, तोवर वायरमनशी बोलून पॅनलची हिस्ट्री विचारून घेतो. त्यातून फोटोइतकंच समजतं.

आता फिल्टर. मीडियन फिल्टर (शेजारचे आकडे क्रमानं लावून मधला आकडा घेणारा) मेलेल्या पिक्सेलवर छान आहे पण आख्ख्या फोटोवर मारू नका. तीन बाय तीनच्या चौकोनात नऊ पिक्सेल असतात, आणि एक पिक्सेल जाडीची तापलेली वायर त्यातले तीनच व्यापते, मग मधला आकडा बॅकग्राउंडचाच निघणार आणि वायर फोटोतून गायब. जी वायर शोधायला गेलो तीच पुसून टाकली. म्हणून मी मेलेल्या पिक्सेलची यादी करून तेवढ्यांनाच मीडियन लावतो.

गॉसियन ब्लर (जवळच्या शेजाऱ्यांना जास्त वजन देऊन सरासरी काढणारा) नॉइज घालवतो आणि सोबत कडही घालवतो. माझा रोजचा आहे बायलॅटरल फिल्टर, टोमासी आणि मांदुकी ह्यांनी १९९८ मध्ये मांडलेला. तो सरासरी काढताना शेजारी किती जवळ आहे हे पाहतो आणि शेजाऱ्याचा आकडा आपल्यासारखा आहे का हेही पाहतो. ४० चा पिक्सेल ४०.१ चं ऐकतो, कडेपलीकडच्या ६० चं ऐकत नाही, त्यामुळे कड जागेवर राहते. इथं एक युक्ती आहे जी समजायला मला फार दिवस लागले: फोटो ० ते २५५ च्या ग्रे मध्ये न बदलता डिग्रीतच ठेवा, फ्लोट म्हणजे दशांश आकडे म्हणून. मग फिल्टरला द्यायच्या आकड्याला, म्हणजे किती फरकापर्यंतचा शेजारी आपल्यासारखा मानायचा त्याला, अर्थ येतो. नॉइज ०.०५ ते ०.१ डिग्रीचा आहे, तर मी ०.३ देतो. ओपनसीव्ही ह्या फोटोवर काम करायच्या तयार कोडमधला बायलॅटरल १६ बिटचा डेटा घेतच नाही, ८ बिट नाहीतर ३२ बिट फ्लोट, म्हणून लोक घाईत ८ बिटवर उतरतात आणि तिथंच बारीक फरक हरवतात. नॉन-लोकल मीन्स (फोटोतले एकसारखे तुकडे शोधून त्यांची सरासरी काढणारी पद्धत) अजून साफ करतं पण वेळ खातं, मी ते कधीतरीच वापरतो.

मग शेवटी शार्पनिंग, पण लगाम घालून. अनशार्प मास्क लावल्यावर प्रत्येक पिक्सेलला मी एक अट घालतो: शार्प करायच्या आधी तू आणि तुझे शेजारी मिळून जो सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त आकडा होता, त्याच्या बाहेर जायचं नाही. धूसर कड घ्या, ४०, ४०, ४५, ५५, ६०, ६०. शार्प केल्यावर ४५ होतो ४३.३, ५५ होतो ५६.७, म्हणजे कड उभी झाली. कडेचा ४० खाली ३८.३ वर जायला पाहतो, अट त्याला ४० वरच थांबवते, तिकडे ६० पण ६० च राहतो. हेलो नाही, खोटा हॉटस्पॉट नाही. आणि बोल्टचा ७१ हा ७१ च राहतो. पायथनमध्ये हे तीन-चार ओळींचं काम आहे.

रंग सगळ्यात शेवटी. व्हॉट्सॲपवर आलेला आयर्न पॅलेटचा (तापमानाप्रमाणे ठरावीक रंग भरलेला) जेपीजी घेऊन "भाऊ, हा साफ करून द्या" असं बरेच जण म्हणतात, मी नाही म्हणतो. त्या फोटोत तापमान राहिलेलंच नसतं, लाल-हिरवा-निळा असे तीन आकडे असतात, त्यांना वेगवेगळं शार्प केलं की पॅलेटमध्ये नसलेला रंग तयार होतो आणि त्या रंगाला कोणतीच डिग्री नसते. शिवाय जेपीजीचे चौकोनही शार्प होऊन वर येतात.

काही कॅमेरे साध्या कॅमेऱ्याच्या फोटोतली कड थर्मलवर उमटवून देतात, त्यानं एमसीबीवरचा नंबरसुद्धा वाचता येतो आणि रिपोर्टला ते फार कामाचं आहे. फक्त ती कड उष्णतेची नाही हे ध्यानात ठेवायचं, आणि जवळून फोटो काढला तर दोन लेन्समधल्या अंतरामुळे ती सरकते, गरम डाग शेजारच्या एमसीबीवर दिसू शकतो. एआयनं फोटो चौपट मोठा करून देणारे ॲप मात्र मी पॅनलच्या कामात घेत नाही. ते नसलेले पिक्सेल अंदाजानं भरतात, आणि अंदाजावर कोणाची लाइन बंद करायची नाही.

त्या बोल्टचं अजून एक राहिलं. तो फोटोत एका पिक्सेलएवढा होता, म्हणजे ७१ हा आकडा मुळातच भरवशाचा नव्हता. जे मोजायचं ते निदान तीन बाय तीन पिक्सेल भरेल इतकं जवळ जायला पाहिजे, नाहीतर लेन्स बदलायला पाहिजे, तिथं कोणताच फिल्टर कामी येत नाही. आणि चकचकीत तांबं कॅमेऱ्याला थंड दिसतं, गंजलेला बोल्ट खरा दिसतो, म्हणून ६० च्या बसबारमध्ये ७१ चा बोल्ट. तिन्ही फेजवर सारखंच का होतं, हे त्या काकांच्या प्रश्नाचं उत्तर.

आता मी प्रत्येक पॅनलच्या दोन फाइल ठेवतो. एकीत नुसती १६ फ्रेमची सरासरी, पट्ट्या काढलेली, तापमान फक्त तिच्यातून वाचायचं. दुसरी साफ आणि शार्प केलेली, रिपोर्टवर छापायला, तिच्यावर आकडा पहिल्या फाइलमधून आणून टाकतो. परवा त्याच कारखान्यात परत गेलो होतो. काकांना दोन्ही फाइल मोबाइलवर दाखवल्या, त्यांनी आर, वाय, बी तिन्ही आकडे आपल्या डायरीत लिहून घेतले, मागच्या वर्षीच्या पानाच्या बाजूला.