सात जणांचं बिल

गेल्या महिन्यात आम्ही सात जण सिंहगडावर गेलो होतो. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मटक्यातलं दही आणि दोनदा चहा. बिल झालं बरोबर १००० रुपये. पैसे मी भरले, म्हणून हिशेबही माझ्याच गळ्यात. मोबाइलवर हजाराला सातानं भागलं: १४२.८५७१४२. ठीक. मग जीपचे २००० भागले, तर २८५.७१४२८५. हे चेहरे कुठेतरी पाहिलेत असं वाटलं. तेच सहा अंक! फक्त पुढचे एक आणि चार उठून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलेले.

घरी आल्यावर बिलाच्या पाठीमागे शाळेतल्यासारखा भागाकार मांडला. दहात सात एकदा, बाकी तीन. शून्य घेतलं, तीस: भाग चारचा, बाकी दोन. विसाला दोन, बाकी सहा. साठाला आठ, बाकी चार. चाळिसाला पाच, बाकी पाच. पन्नासाला सात, बाकी एक. म्हणजे निघालो तिथेच परत! सातानं भागताना बाकी उरलीच तर एक ते सहा यांतलीच उरणार, आणि इथे साही जणी एकेकदा हजेरी लावून जातात. सुरुवात कुठूनही करा, फेरा तोच. म्हणून १४२८५७ ला दोनानं गुणलं की २८५७१४, तिनानं ४२८५७१, पुढे ५७१४२८, ७१४२८५, ८५७१४२. सातानं गुणलं की मात्र खेळ खलास: ९९९९९९. तेराला हे जमत नाही. त्याच्या बारा बाक्या सहा-सहाच्या दोन टोळ्या करून बसतात आणि एकमेकींकडे फिरकत नाहीत.

खरी गंमत पुढेच आहे. १४२८५७ चा वर्ग २०४०८१२२४४९. तो २०४०८ आणि १२२४४९ असा तोडून बेरीज करा. आले ना १४२८५७ परत? अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. हे द. रा. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. लोकांना त्यांची ६१७४ माहीत असते (चार अंक, सगळे सारखे नसलेले, उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी येते ती). माझं मन मात्र या सहा अंकीवर बसलंय. आपल्याला वर्ग करायला फोन लागतो. त्यांच्या काळात हे सगळं कागद-पेन्सिलीवर.

असो. खाण्याचा हिशेब राहिलाच. मी ग्रुपवर टाकलं, ‘प्रत्येकी १४२ द्या.’ पण सात गुणिले १४२ म्हणजे ९९४, वरचे सहा रुपये कुणाचे? एकीनं सुचवलं, १४३ घे. मग एक रुपया जास्त होतो. शेवटी आमच्यातल्या एका काटेकोर माणसानं १४२ रुपये ८६ पैसे यूपीआय केले आणि बाकीच्या पाचांनी त्याचंच अनुकरण केलं. माझ्या खात्यात आले ८५७ रुपये १६ पैसे. म्हणजे माझं जेवण १४२ रुपये ८४ पैशांत झालं, सगळ्यांपेक्षा दोन पैशांनी स्वस्त. हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.