बसने प्रागला, आणि रेस्लोवा रस्त्यावरचं ते चर्च

यंदा दसरा गुरुवारी झाला आणि लगेच शुक्रवारी ३ ऑक्टोबर, म्हणजे जर्मनीच्या एकीकरणाची सुट्टी, असा जोडून वीकेंड मिळाल्यावर म्युनिकमध्ये घरी बसून राहणं शक्यच नव्हतं. माझी कॉलेजपासूनची मैत्रीण पण आता इथेच असते, पुलांची डिझाइन्स करणाऱ्या एका ऑफिसात आहे, मूळची संभाजीनगरची, आणि तिने कधीचं प्रागचं टुमणं लावलं होतं. ट्रेनची तिकिटं बघितली तर सुट्टीमुळे भाव गगनाला भिडलेले, मग सरळ बस बुक केली. हाकरब्रुकेच्या बाजूला म्युनिकचा मोठा बसस्टँड आहे तिथून निघते, साधारण पाच तासांत प्राग.

मला बसचा प्रवास मनापासून आवडतो. विमानात दोन शहरांच्या मधलं काही दिसतच नाही, इथे सगळं खिडकीतून सरकत जातं. म्युनिक सोडलं की थोड्या वेळाने हॉप्सची शेतं लागतात, बियरमध्ये घालतात ते, उंचच उंच खांब आणि त्यांच्यावर तारा, पीक निघून गेलेलं त्यामुळे नुसतेच खांब उभे. मग रेगेन्सबुर्ग, मग वाइडहाउसला झेक देशाची हद्द आणि पलीकडे लगेच पाट्यांवर डोक्यावर टोप्या घातलेली अक्षरं. प्लझेनची पाटी आली तशी मैत्रीण ताडकन सरळ बसली, कारण स्कोडा हे नाव ज्या कारखान्याचं तो मूळचा या गावचा, आणि हिचं अख्खं लहानपण शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या स्कोडाच्या गप्पा ऐकण्यात गेलेलं, अर्ध्या गल्लीतलं कोणी ना कोणी तिथे कामाला. लगेच घरी व्हिडिओ कॉल. बाटा पण झेकच बरं का, मला हे इथे आल्यावर कळलं, तोपर्यंत मी बाटा आपलीच कंपनी समजत होते. झ्लिन नावाच्या गावात १८९४ मध्ये सुरू झालेली, आणि प्रागच्या वेन्सेस्लास चौकात त्यांची काचेची इमारत अजून दिमाखात उभी आहे.

एक कामाचं सांगते. शेंगेन आहे, देशादेशांत तपासणी नसते, कोण बघतंय, असं म्हणून पासपोर्ट घरी ठेवू नका. परत येताना जर्मन पोलीस हद्दीवर बसमध्ये चढतात आणि एकेकाचे कागद बघतात, आपल्याकडे भारतीय पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिट दोन्ही हवं. आणि तिकडे युरो नाही, कोरुना चालतो. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, त्यामुळे चौकाचौकातल्या पैसे बदलून देणाऱ्या खिडक्यांकडे वळायची गरजच पडत नाही.

फ्लोरेंत्सच्या बसस्टँडवर उतरलो, हॉटेल कार्लीनमध्ये, चालत दहा मिनिटं. कार्लीन म्हणजे २००२ च्या ऑगस्टमधल्या पुरात पाण्याखाली गेलेला भाग, आता इतका नीटनेटका आहे की पटत नाही. रात्री जेवायला गेलो तर मैत्रीण शाकाहारी, आणि झेक जेवण म्हणजे मांस आणि सोबत पावासारखे उकडलेले क्नेडलीकी. पण शाकाहारी लोकांसाठी स्माझाक आहे, जाड चीजचा तुकडा ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळतात, बरोबर बटाटे आणि टार्टर सॉस. तिने दोन्ही दिवस तेच खाल्लं आणि खूश होती. रस्त्यावर जागोजागी तो चिमणीसारखा गोल पाव, त्रदेल्निक, साखरेत घोळवून विकतात आणि पाटीवर जुनी प्रागची परंपरा म्हणून लिहितात, पण तो पर्यटकांसाठी अलीकडे आलेला प्रकार आहे, त्याच्यासाठी रांगेत उभं राहू नका असं माझं स्पष्ट मत.

शनिवारी सकाळी साडेसहालाच चार्ल्स ब्रिजवर. ऑक्टोबरात सूर्य सातनंतर उगवतो त्यामुळे फार लवकर उठावं लागत नाही, आणि नऊ वाजले की तिथे पाय ठेवायला जागा नसते. ५१६ मीटर लांब, १६ कमानी, दोन्ही कठड्यांवर मिळून ३० पुतळे. चौथ्या चार्ल्स राजाने पायाचा दगड १३५७ साली बसवला, तो पण म्हणे नवव्या दिवशी, सातव्या महिन्यात, पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी, म्हणजे १-३-५-७-९-७-५-३-१. मुहूर्त बघून काम सुरू करणारे फक्त आपणच नाही हे बघून मला फार बरं वाटलं. चुन्यात अंडी घातली होती अशी पण गोष्ट सांगतात, त्यावर आमच्या इंजिनिअरबाई खाली वाकून दगडाच्या फटी बघत बसल्या, आपल्याकडे नाही का वाड्यांच्या चुन्यात गूळ घालायचे म्हणतात तसं असेल म्हणाली. बरेचसे पुतळे आता नकला आहेत, मूळचे जपून ठेवलेत. नेपोमुक नावाच्या धर्मगुरूच्या पुतळ्याखालची पितळी चित्रं मात्र लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखी चकचकीत केलीत. १३९३ मध्ये चार्ल्सनंतरच्या राजाने या माणसाला इथूनच नदीत टाकून मारलं, आणि आता लोक इच्छा मागायला तिथे हात लावतात.

तिथून जुन्या चौकातलं घड्याळ, ओर्लोय, १४१० चं. दर तासाला वरच्या खिडकीतून येशूच्या बारा शिष्यांची मिरवणूक निघते आणि बाजूचा सांगाडा घंटा वाजवतो, सगळे मोबाइल वर करून उभे असतात, मिनिटभरात संपतं आणि गर्दी पांगते. खरी मजा त्यानंतर आहे. सगळे गेले की जवळ जाऊन तबकडी वाचायला घ्या, कारण हे नुसतं घड्याळ नाही, चालतं-फिरतं पंचांग आहे. सूर्य कोणत्या राशीत, चंद्र कुठे, सगळं दाखवतं. चंद्राचा छोटा गोळा अर्धा चंदेरी अर्धा काळा आहे आणि तो फिरून कला दाखवतो, कोजागिरी दोन दिवसांवर होती त्यामुळे तो जवळजवळ पूर्ण चंदेरी दिसत होता! बाहेरच्या कड्यावर जुन्या झेक पद्धतीचे तास आहेत, ते सूर्यास्तापासून मोजतात, आपला दिवस सूर्योदयापासून तसा त्यांचा मावळतीपासून. आणि सूर्य तिथे तुळेत, आपल्या पंचांगात मात्र तो १७ ऑक्टोबरपर्यंत कन्येत असतो. मैत्रीण म्हणाली, "अगं, हे चुकलंय की काय?" चुकलेलं नाही, ते लोक रास वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य असतो त्या जागेपासून मोजतात आणि आपण ताऱ्यांपासून, त्यामुळे सध्या चोवीसेक अंशांचा फरक पडतो. आम्ही दोघी मान वर करून अर्धा तास तरी उभ्या होतो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते.

नदीपासून थोडं वर रेस्लोवा नावाचा रस्ता आहे, बऱ्यापैकी ट्रॅफिकचा, त्यावर सिरिल आणि मेथोडियसचं चर्च. बाहेरच्या भिंतीत जमिनीपासून जेमतेम वर एक छोटी आडवी खिडकी आहे, आणि तिच्या आजूबाजूचा दगड गोळ्यांनी फोडलेला आहे, खड्डेच खड्डे, बुजवलेले नाहीत. खाली ताजी फुलं होती. जाणारे-येणारे लोक आपले चालत होते, एक म्हातारे आजोबा मात्र थांबले, टोपी काढली आणि पुढे गेले.

गोष्ट अशी की १९४२ मध्ये इथे हायड्रिखचं राज्य होतं, नाझींमधला अत्यंत क्रूर माणूस, ज्यूंच्या कत्तलीची योजना आखणाऱ्यांमधला प्रमुख. त्याला मारायला इंग्लंडमध्ये ट्रेनिंग घेतलेले दोघे जण पॅराशूटने आले, गाबचिक स्लोव्हाक आणि कुबिश झेक. २७ मे १९४२ ला लिबेन भागात एका वळणावर त्याची उघडी मर्सिडीज हळू झाली, तिसरा साथीदार वाल्चिक वर उभा होता त्याने आरशाने इशारा दिला, गाबचिक स्टेन गन घेऊन समोर आला आणि गन जॅम झाली. मग कुबिशने बॉम्ब टाकला. हायड्रिख जखमी झाला आणि ४ जूनला मेला.

आरशाचा इशारा वाचला आणि मला तिथल्या तिथे गणेशखिंड आठवली. २२ जून १८९७, "गोंद्या आला रे" आणि रँडची बग्गी. दोघीही शाळेत हे वाचलेल्या, दोघींना एकदमच आठवलं. रँडसुद्धा जागच्या जागी मेला नव्हता, काही दिवसांनी गेला. आणि पुढचं तर अंगावर काटा आणणारं, चापेकरांची खबर बक्षिसासाठी द्रविड बंधूंनी दिली, आणि इथे यांच्यातलाच एक पॅराशूटवाला चुर्डा गेस्टापोकडे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांकडे चालत गेला. त्यालाही बक्षीस मिळालं, आणि १९४७ मध्ये फाशी झाली.

चर्चमध्ये सात जण लपले होते. तळघर खरं तर पूर्वी मठातल्या साधूंच्या शवपेट्या ठेवायला बांधलेलं, भिंतीत लांबट कोनाडे आहेत, त्या कोनाड्यांत ही मुलं झोपायची. आम्ही आत गेलो तेव्हा बाहेर ऊन होतं आणि खाली इतका गारठा की मी ओढणी घट्ट गुंडाळून घेतली, जूनमध्ये तरी कितीशी ऊब असणार. १८ जूनला पहाटे नाझींच्या शेकडो एसएस सैनिकांनी वेढा दिला. तिघे वर होते ते सुमारे दोन तास लढले. चौघे खाली. त्यांना बाहेर काढायला त्या छोट्या खिडकीतून अश्रुधूर सोडला, मग फायर ब्रिगेडचे पाइप लावून पाणी सोडलं. शेवटच्या गोळ्या त्यांनी स्वतःसाठी ठेवल्या. चौकशी करायला जिवंत कोणी हाती लागलं नाही.

आत एका भिंतीत खणलेला खड्डा आहे. गटाराच्या बाजूने बाहेर पडता येईल म्हणून पाणी वर चढत असताना त्यांनी हातात येईल त्याने भिंत खणली. मैत्रीण त्याच्यासमोर बराच वेळ उभी राहिली, मग विटांवर हात न लावता बोटाने हवेतच दाखवत मला म्हणाली, "बघ, इथे वरची वीट निघालीय, मग त्यांनी खालून सुरुवात केलीय, म्हणजे पाणी खाली नसताना सुरू केलं असणार की वर असताना?" तिचं रोजचं कामच भिंती आणि भार बघायचं, आणि ती ते खणणाऱ्या माणसाच्या डोक्यात शिरून बघत होती. नंतर बाहेर येऊन बाकावर बसलो, कोणीच काही बोललो नाही, तिने माझा हात धरला होता.

हायड्रिखचा सूड म्हणून नाझींनी १० जूनला लिदित्से नावाचं अख्खं गाव संपवलं, तिथल्या १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या, बायकांना रावेन्सब्रुकच्या छळछावणीत पाठवलं, मुलांपैकी बहुतेकांना विषारी वायूने मारलं. चर्चच्या बिशप गोराझ्दना पण मृत्युदंड झाला. इतकी किंमत मोजून हे करायला हवं होतं का, यावर आम्ही रात्री खूप वाद घातला. मैत्रीण म्हणाली, गावाला कोणी विचारलं होतं का. माझं म्हणणं, गाव मारणारे ते, मुलांना मारणारे ते, तो हिशोब सात जणांच्या नावावर टाकायचा नाही. मला अजूनही तसंच वाटतं.

रविवारी पिंकास सिनेगॉग, ज्यूंचं जुनं प्रार्थनास्थळ. हे लक्षात ठेवा, ज्यू म्युझियमची सगळी ठिकाणं शनिवारी बंद असतात, त्यामुळे वीकेंडला जाणाऱ्यांनी रविवारच धरायचा. आतल्या भिंतींवर वरपासून खालपर्यंत फक्त नावं आहेत, लाल आणि काळ्या रंगात, बारीक अक्षरांत हाताने लिहिलेली, बोहेमिया आणि मोराव्हियातल्या सुमारे ७८,००० मारल्या गेलेल्या ज्यूंची. पहिल्यांदा पन्नासच्या दशकात लिहिली, मग कम्युनिस्ट काळात ते बंद पडलं, ओलीने आणि दुरुस्तीत नावं गेली, तर नव्वदच्या दशकात पुन्हा सगळी लिहून काढली. एवढी चिकाटी! वर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांची चित्रं, फुलपाखरं, घरं, खिडकीतला दिवा. त्यांना चित्रकला शिकवणाऱ्या फ्रीडल डिकर-ब्रांडाइस बाईंना १९४४ मध्ये ऑशविट्झला नेलं.

किल्ल्यावर धावत जाऊन आलो. सेंट व्हाइटसचं कॅथेड्रल १३४४ ला सुरू होऊन १९२९ ला पूर्ण झालं, आल्फोन्स मुखा या चित्रकाराची रंगीत काच सुंदर आहे, पण आतली रांग बघून आम्ही जास्त थांबलो नाही. वेळ कमी असेल तर किल्ला बाहेरून बघा आणि रेस्लोवा आणि पिंकासला वेळ द्या, हे मी कोणालाही ठामपणे सांगेन. शेवटी बसच्या आधी वेन्सेस्लास चौक. वरच्या टोकाला नॅशनल म्युझियम, त्यावर १९६८ च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत सैन्याने गोळ्या झाडल्या होत्या, त्याच्या खुणा खांबांवर अजून दिसतात, आणि समोर फरशीत तो वाकलेला क्रॉस, जिथे जानेवारी १९६९ मध्ये यान पालाख या विद्यार्थ्याने त्याच आक्रमणाच्या निषेधात स्वतःला पेटवून घेतलं.

परतीला हद्दीवर बराच वेळ बस उभी होती, म्युनिकला पोचेपर्यंत मध्यरात्र झाली, सोमवारी दोघींनाही ऑफिस. लिदित्से राहिलं. प्रागपासून वीसेक किलोमीटरवर आहे, तिथे आता मोठी गुलाबाची बाग आहे आणि मारल्या गेलेल्या ८२ मुलांचे ब्राँझचे पुतळे एकत्र उभे आहेत. जूनमध्ये गुलाब फुललेले असताना जायचं ठरवलंय, या वेळी चार दिवस काढून, आणि मैत्रिणीने तर रजेचा अर्ज टाकलासुद्धा.