लायसन्स काढलं, तेव्हा टीव्ही लागला

इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात, भाड्याच्या घरात आम्ही आलो २०२५ च्या जानेवारीत. दुसऱ्याच आठवड्यात दारातून एक पत्र आत पडलं. नावाच्या जागी ‘लीगल ऑक्युपायर’, म्हणजे ‘जो कोणी राहत असेल तो’. या पत्त्यावर टीव्ही लायसन्स, म्हणजे टीव्ही बघायचा परवाना नाही, असा मजकूर. आम्ही हसलो. टीव्ही सोडा, घरात पलंगही नव्हता, नुसती गादी होती. आजोबा रेडिओचं लायसन्स पोस्टात जाऊन भरायचे हे ऐकून होते. तसलं काही आपल्याही वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

नियम वाचायला बसले तेव्हा हसू गेलं. घरात टीव्ही आहे की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नाही, तुम्ही काय बघता ते महत्त्वाचं. कुठलाही चॅनल, कार्यक्रम चालू असताना थेट बघितला की लायसन्स हवं, मग तो फोनवर बघा नाहीतर लॅपटॉपवर. झालेले कार्यक्रम आयटीव्हीएक्स किंवा चॅनल फोरच्या अ‍ॅपवर मागाहून बघितले तर नको. आणि बीबीसीचं अ‍ॅप, आयप्लेअर असेल तर ताजं बघा की शिळं, लायसन्स हवंच. आयप्लेअरवरचं शिळं पूर्वी फुकट बघता यायचं, ती पळवाट १ सप्टेंबर २०१६ पासून बंद झाली. दंड १,००० पौंडांपर्यंत. गोंधळ असा, की आयटीव्हीएक्समध्ये थेट चॅनल आणि जुने भाग शेजारी शेजारी असतात. लायसन्स नसताना जुन्यावर बोट ठेवलं तर काही नाही, थेटवर ठेवलं तर गुन्हा.

आम्ही ‘लायसन्सची गरज नाही’ असा ऑनलाइन फॉर्म भरून टाकला. विषय मिटला, मे महिन्यापर्यंत.

मे महिन्यात आई-बाबा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आले. त्यांच्यासाठी जुना स्मार्ट टीव्ही घेतला. छपरावर अँटेना होता, पण त्याची वायर कोणीतरी कापून ठेवलेली, म्हणजे सगळं ब्रॉडबँडवरच. पहिले काही आठवडे लायसन्सवाचून काढायचं ठरवलं आणि चॅनल फोरचं अ‍ॅप लावून दिलं, मागाहून बघायला. तिथे बाबांना ‘काउंटडाउन’ सापडलं. २ नोव्हेंबर १९८२ ला चॅनल फोर सुरू झालं ते याच कार्यक्रमाने, आणि तो अजून चालू आहे. त्यात आकड्यांची फेरी असते: सहा आकडे, त्यांतून जुळवायचं एक तीन अंकी उत्तर, ३० सेकंद. बाबा तीस वर्षं गणिताचे मास्तर. एकदा ७५, ५०, ९, ६, ३, २ आले आणि उत्तर हवं होतं ४७८. बाबा चहाचा कप खाली न ठेवता म्हणाले, “पंचाहत्तर सक साडेचारशे, पन्नासाचे निम्मे पंचवीस, वर तीन.” घड्याळ अर्ध्यावरही आलं नव्हतं.

बोलणं त्यांना सुरुवातीला कळत नसे. मी सबटायटल लावून दिली, मग न्यूकॅसलकडचा, अवघड उच्चारांचा माणूस बोलला तरी बाबा मान डोलवायला लागले.

जून संपत आला तशी आई म्हणाली, “अगं, विम्बल्डन इथेच होतं ना? मग आपल्याकडे का दिसत नाही?” दूरदर्शनवर बोरिस बेकरला बघितलेली बाई ती. विम्बल्डन बीबीसीवर होतं, म्हणजे आता पळवाट नव्हती. नवऱ्याने किमतीचा तक्ता उघडला. तेव्हा, २०२५ मध्ये, रंगीत लायसन्स वर्षाला १७४.५० पौंड होतं, कृष्णधवल ५८.५०. हो, कृष्णधवल लायसन्स अजून मिळतं! नवऱ्याला क्षणभर मोह झाला. ऑफिसात एकीने सांगितलं की विद्यार्थी आईवडिलांच्या लायसन्सवर बघू शकतात, फक्त लॅपटॉप चार्जरला न लावता, निव्वळ बॅटरीवर. ते ऐकून तर मी चाटच पडले. पण त्यासाठी आईवडिलांचं घर इथे हवं आणि त्यांचं लायसन्स हवं. आमचे आईवडील आमच्याच सोफ्यावर.

काढायला दहा मिनिटं लागली. नाव, पत्ता, बँकेचा तपशील, झालं. हप्ते पाडणाऱ्यांनी एक बघून घ्यावं: पहिल्या वर्षाची सगळी रक्कम पहिल्या सहा महिन्यांत जाते, म्हणजे तेव्हाच्या दराने महिना २९ पौंडांच्या आसपास, आणि मग तो आकडा निम्म्यावर येतो. आम्ही एकरकमी भरून मोकळे झालो. आयप्लेअरला ईमेल आणि पोस्टकोड दिला, टीव्हीवर आलेला कोड फोनवर टाकला. पोस्टकोडमुळे बातम्यासुद्धा आमच्या भागाच्या, ईस्ट मिडलंड्सच्या लागायला लागल्या.

१३ जुलैला सिनर-अल्कारेझची फायनल. आम्ही चौघं टीव्हीसमोर, खिडक्या उघड्या. अल्कारेझ सर्व्हिससाठी चेंडू आपटतोय आणि पलीकडच्या बागेतून शेजारच्या आजोबांचा “ओऽऽ” ऐकू आला. अर्ध्या मिनिटाने आमच्याकडे चेंडू जाळ्यात गेला. त्यांचा टीव्ही अँटेनावर, आमचा इंटरनेटवर. इंटरनेटचं चित्र मागून येतं. दोन-तीनदा असं झाल्यावर आईने उठून खिडकी लावून घेतली. “त्यांना आधी कळतंय ते कळू दे, मला नको.”

ऑक्टोबरच्या अखेरीस दोघं परत निघाली. आयप्लेअर ब्रिटनबाहेर चालत नाही. चुलतभावाने व्हीपीएन, म्हणजे आपण ब्रिटनमध्येच आहोत असं भासवणारं सॉफ्टवेअर सुचवलं, पण नियमात बसत नाही आणि रोज काहीतरी अडलं की फोन मलाच येणार, म्हणून नको म्हटलं. त्याऐवजी निघण्याच्या आदल्या रात्री आईच्या टॅबवर बागकामाचे भाग डाउनलोड करून दिले. ते परदेशातही बघता येतात. मात्र डाउनलोड फार तर ३० दिवस टिकतं. आईने विमानात चार बघितले आणि उरलेले पुरवून पुरवून, पापडाच्या डब्यासारखे.

बाबांच्या काउंटडाउनचं काय, हा प्रश्न होता. आता मी संध्याकाळी जुना भाग लावते, सहा आकड्यांचा फोटो काढते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. साताऱ्यात तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. उत्तर येतं, पण बाबा ३० सेकंदांत सोडवतात की आरामात, ते मला कळायला मार्ग नाही. विचारलं तर म्हणतात, “तुमच्याकडचं नेट स्लो आहे.”